निमित्त पाण्याचं : कोयनेच्या भूकंपांचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला एक बातमी तोंडपाठ असते. ‘कोयना धरण परिसर भूकंपाच्या सौम्य धक्क्याने हादरला. रिश्टर स्केलवर तीव्रता अमुक, केंद्रबिंदू धरणापासून तमुक किलोमीटरवर, हेळवाक गावाच्या नैऋत्येस. धक्क्यामुळे कोणतीही हानी झालेली नाही. धरण सुरक्षित आहे.’ चार ओळी, त्यातले आकडे तेवढे बदलतात. पाटणकडच्या घरांत मांडणीवरची भांडी वाजली की कुणीतरी ‘झाला वाटतं’ म्हणतं आणि हातातलं काम पुढं चालू राहतं.

या चार ओळींची बातमी साठेक वर्षं न थांबता येत राहिली, ही गोष्ट मात्र साधी नाही. धरणाच्या पाण्याशी जोडलेले भूकंप जगात शंभरावर ठिकाणी नोंदले गेले आहेत. बहुतेक ठिकाणी ते धरण भरल्यावर काही वर्षं झाले आणि विरले. कोयनेला ते विरले नाहीत. म्हणून ‘धरणामुळे भूकंप होतो का?’ हा प्रश्न जगात कुठेही निघाला की कोयनेचं नाव निघतंच. आपल्याकडे या प्रश्नाची उत्तरं दोनच टोकांची मिळतात, ‘धरणानेच केला’ आणि ‘धरणाचा काही संबंध नाही’. मला दोन्ही चुकीची वाटतात, आणि का ते या प्रकरणातच दिसतं.

आधीची पाच वर्षं

सह्याद्रीच्या कुशीत कोयना नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला वळते. त्या वळणाच्या जरा वर १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं. मागे शिवाजीसागर जलाशय. मूळ साठवण ९८.७८ टीएमसी, म्हणजे जवळपास २.८ अब्ज घनमीटर पाणी. वजनात तितकेच अब्ज टन. १९६१ च्या सुमारास पाणी अडवायला सुरुवात झाली.

त्या काळी दख्खनचं पठार म्हणजे स्थिर जमीन, हे गृहीतच होतं. भूकंप हिमालयात होतात, आसामात होतात, कच्छात होतात; काळ्या पाषाणाच्या या पठारावर कशाला होतील? धरणाचा आराखडाही त्याच समजुतीने केलेला. भूकंपासाठी धरलेला गुणांक ०.०५, म्हणजे धरणाच्या वजनाच्या वीसाव्या हिश्शाएवढा आडवा जोर.

पाणी चढू लागलं आणि १९६२ पासून जमिनीतून आवाज येऊ लागले. आधी गुडगुड, मग लहान हादरे. यंत्रणेने त्याकडे दुर्लक्ष केलं नाही, हे नोंदवायला हवं. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ मध्ये परिसरात चार भूकंपमापन केंद्रं उभी केली. हादऱ्यांची केंद्रं जलाशयाच्या आसपासच गोळा होत होती. याच काळात धरणाच्या पोटातल्या एका गॅलरीत, म्हणजे तपासणीसाठी ठेवलेल्या बोगद्यात, जोरदार हादऱ्याचं त्वरण मोजणारं यंत्रही बसलं. भूकंप होत नाहीत असं मानलेल्या जागी मोठ्या भूकंपाआधी यंत्रं जाऊन बसली. असं नशीब शास्त्रज्ञांना क्वचितच लाभतं. १९६७ च्या १३ सप्टेंबरला पाचाच्या वरचा धक्का बसला. तो इशारा होता असं आज म्हणता येतं. त्या दिवशी तसं म्हणायला कुणाकडे आधार नव्हता.

सोमवार, ११ डिसेंबर १९६७

पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. लोक झोपेत होते. कोयनानगरमधली बहुसंख्य घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. मृतांचा आकडा निरनिराळ्या अहवालांत १७७ ते २०० च्या दरम्यान दिलेला आहे. जखमी दोन हजारांवर. तीव्रता आता ६.३ धरतात. हादरा मुंबई-पुण्यातच नव्हे, त्याच्याही पलीकडे दूरवर जाणवला. कोयनेच्या पाण्यावर चालणारं पोफळीचं वीजघर बंद पडल्याने मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला. महानगराचे दिवे कोणत्या डोंगराच्या भरवशावर जळतात, हे अनेकांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

धरण फुटलं नाही. पण भेगा पडल्या, पाण्याच्या बाजूनेही आणि मागच्या बाजूनेही. धरणाच्या मागच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास भेगांची आडवी रेघ उमटली. वरचा भाग भारी आणि खालून कंबर बारीक. झोका बसला की ताण तिथेच साचणार. गॅलरीतल्या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट त्वरण टिपलं. कागदावरचा ०.०५ आणि प्रत्यक्षातला ०.६३, ही तुलना भाषणांत फार वापरली जाते. ती जरा फसवी आहे. आराखड्यातला गुणांक म्हणजे संथपणे लावलेला सततचा जोर, आणि ०.६३ हे क्षणभराचं शिखर. दोन्ही एका तराजूत बसत नाहीत. तरीही आराखडा करणाऱ्यांनी जमिनीला फार भोळी समजलं होतं, हे खरंच.

पुढे भेगांत इपॉक्सी भरलं, वरून खोल छिद्रं पाडून पोलादी केबल ताणून बसवल्या आणि सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भागांना मागून भक्कम टेकू दिले. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण मात्र बरंच नंतर, या शतकाच्या पहिल्या दशकात झालं. त्या पहाटेची कोयनेची नोंद आजही जगभरचे धरण अभियंते वापरतात. नवा संगणकीय नमुना बरोबर चालतो का हे पाहायचं असेल तर त्याला कोयना धरण आणि कोयनेचा हादरा देतात आणि भेग खऱ्या जागी पडते का ते बघतात.

माणसांच्या बाजूनेही एक नोंद राहिली. पाटण तालुक्यात ‘भूकंपग्रस्त’ हा शब्द दाखल्यावर आला आणि सरकारी नोकरभरतीतल्या समांतर आरक्षणाच्या रकान्यात जाऊन बसला. काही कुटुंबांची धरणाने जमीन नेली आणि भूकंपाने घर. त्यांच्या कपाटात दोन दाखले आहेत, धरणग्रस्ताचा आणि भूकंपग्रस्ताचा. दोन्हींचं मूळ एकच का, हा प्रश्न त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतला नाही.

वजन की मुरणं?

पहिला तर्क कुणालाही सुचेल असा: एवढं पाणी साठवलं, त्याच्या भाराने जमीन खचली. हिशेब करून पाहू. पाण्याची खोली ८० मीटर धरली तर तळावर दाब पडतो वातावरणाच्या आठेक पट. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब असतो तेराशे पट. म्हणजे पाण्याने घातलेली भर एक टक्काही नाही. एवढ्या भाराने अखंड खडक मोडत नाही.

दुसरा तर्क सरळ दिसत नाही, पण तोच पुढे टिकला. खडकात जुन्या भेगा असतात, त्यांना भूवैज्ञानिक प्रस्तरभंग म्हणतात. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात आणि घर्षणामुळे सरकत नाहीत. आडवा ताण मात्र त्यांना सरकवू पाहत असतो. भेगेत पाणी शिरलं आणि त्याचा दाब वाढला की ते दोन्ही बाजूंना आतून एकमेकींपासून दूर ढकलतं. दाबून धरणारा जोर तेवढा कमी होतो, घर्षण सैल पडतं, आणि आधीपासून साचलेला ताण भेग सरकवून मोकळा होतो. पाणी इथे वंगण म्हणून काम करतं असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते बरोबर नाही. पाण्याचा निसरडेपणा इथे कामाचा नसतो, कामाचा असतो त्याचा दाब.

याचा पुरावा अमेरिकेतून आला. डेन्व्हरजवळच्या लष्करी रसायन कारखान्याने १९६२ पासून आपलं सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबून सोडलं आणि भूकंप क्वचितच ठाऊक असलेल्या त्या भागात हादरे सुरू झाले. पुढे कोलोरॅडोतच रँजली इथल्या तेलक्षेत्रात मुद्दाम पाणी दाबून आणि उपसून पाहिलं. दाब ठरावीक पातळीच्या वर नेला की हादरे वाढत, खाली आणला की थांबत.

म्हणून शास्त्रीय लिखाणात शब्द बदलला. आधी ‘जलाशयाने घडवलेले भूकंप’ म्हणत, आता ‘जलाशयाने सुटलेले भूकंप’ म्हणतात, बंदुकीचा चाप ओढल्यावर गोळी सुटते तसे. मराठीत यासाठी फार नेमका शब्द आधीपासून आहे: निमित्त. म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरून जातं तेव्हा आपण म्हणतो, ‘पडण्याचं निमित्त झालं.’ कारण आणि निमित्त हा फरक आपल्या बोलण्यात रोज असतो, धरणाची गोष्ट आली की तो का सुटतो कळत नाही. कोयनेखाली ताण होता, तो भारतीय भूपट्टाच्या उत्तरेकडच्या रेट्यातून लाखो वर्षांत साचलेला. पाणी निमित्त झालं. पण निमित्त ठरलं म्हणून जबाबदारी संपत नाही. चाप कुणी ओढला, हे विचारावंच लागतं.

पुरावा जमत गेला, तो असा

एकाच भूकंपावरून हे ठरवता आलं नसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरि नारायण यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अशी ठिकाणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली: चीनमधलं शिनफेंगज्यांग, झांबिया-झिंबाब्वे सीमेवरचं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता आणि कोयना. १९६२, १९६३, १९६६, १९६७. सहा वर्षांत चार मोठ्या जलाशयांवर सहाच्या वरचे भूकंप. या भूकंपांच्या सवयी नेहमीच्या भूकंपांपेक्षा वेगळ्या निघाल्या. मुख्य धक्क्याच्या आधीही धक्क्यांची रांग असते, नंतरचे धक्के हळूहळू ओसरतात, मोठ्यांच्या मानाने लहान धक्के जास्त असतात, आणि सर्वांत मोठा उत्तरधक्का तीव्रतेत मुख्य धक्क्याच्या बराच जवळ जातो.

यानंतर कोयनेने स्वतःच पुरावा पुरवला. १९७३ मध्ये, मग सप्टेंबर १९८० मध्ये पुन्हा पाचाच्या वरचे भूकंप झाले. वर्षाचं वेळापत्रकही दिसू लागलं: पावसाळ्यात जलाशय भरला की त्यानंतरच्या आठवड्यांत हादरे वाढतात, आणि पुढे पाणी उतरत असतानाही एक उसळी येते. वरच्या पाण्याचा दाब खडकाच्या बारीक भेगांतून काही किलोमीटर खाली पोचायला वेळ लागतो, त्यामुळे ही दिरंगाई अपेक्षितच आहे. हादरे पाण्याबरोबर लगेच आले असते तरच संशय घ्यायला हवा होता.

गुप्तांनी १९८३ मध्ये आणखी एक नेम मांडला. पाचाच्या वरचा भूकंप व्हायचा तर जलाशयाची पातळी आठवड्याला किमान ४० फूट, म्हणजे १२ मीटरच्या वेगाने चढलेली असावी लागते. मात्र एवढं झालं म्हणजे भूकंप होतोच असं नाही. पुढे दिसलं की वेगाबरोबर दोन गोष्टी मोजाव्या लागतात: पाणी वरच्या पातळीला किती काळ टिकलं, आणि जुनी कमाल पातळी ओलांडली का. खडकाला मागचा सर्वाधिक दाब जणू लक्षात राहतो. तो ओलांडला की नवे हादरे. मग वेग आवरून धरण भरावं, असा सल्ला निघतो. कागदावर सोपा आहे. जुलैत कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांचे पावसाचे आकडे ज्याने रोज वाचले आहेत त्याला विचारा. एका रात्रीत काही टीएमसी पाणी येतं. धरणाच्या अभियंत्याला खाली कराड-सांगलीचा पूर दिसत असतो, वर येणारं पाणी दिसत असतं, आणि वर त्याने भूगर्भाचाही विचार करायचा.

खरी साक्ष दिली ती शेजारणीने. कोयनेच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर चांदोलीचं वारणा धरण. तिथे १९८५ पासून पाणी अडवायला सुरुवात झाली, आणि १९९३ च्या पावसाळ्यात जलाशय चांगला भरला. डिसेंबर १९९३ आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथे पाचाच्या वरचे दोन भूकंप झाले. हादऱ्यांचा पट्टा कोयनेकडून दक्षिणेला वारणेपर्यंत पसरला होता. आधी मोकळी जमीन, मग पाणी, मग हादरे, आणि सगळं यंत्रांच्या नजरेखाली: ठरवूनही याहून चांगला प्रयोग आखता आला नसता. वारणाकाठच्या माणसांना मात्र हा प्रयोग कुणी विचारून केला नव्हता.

२०००, २००५, २००९ सालीही पाचाच्या वर धक्के झाले. एकूण हिशेब असा: पाचाच्या वरचे वीसहून अधिक, चाराच्या वरचे दोनशेच्या आसपास, लहान तर हजारो. आणि हे सगळं साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या चौकटीत. चौकटीबाहेर पन्नास किलोमीटरपर्यंत दुसरा सक्रिय पट्टा नाही. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्याला हवं ते सगळं इथे एका जागी मिळतं: उथळ, वारंवार, वेगळे पडलेले, आणि मोटारीने जाता येईल असे.

प्रत्येक धरण कोयना नसतं

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लोअर तेरणा जलाशयाकडे लगेच बोटं वळली. पालघरकडे डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांचा थवा सुरू झाला, तेव्हाही जवळच्या छोट्या धरणाचं नाव निघालं. कोयनेने आपल्याला हा संशय शिकवला आहे, पण संशयाला लागणाऱ्या कसोट्याही कोयनेनेच शिकवल्या आहेत. पाण्याच्या पातळीशी हादऱ्यांची लय जुळते का? आधी रांग, नंतर संथ ओसरणं आहे का? पाणी तिथवर पोचायला भेगांची वाट आहे का? किल्लारीत मुख्य भूकंप एकच मोठा झाला आणि उत्तरधक्के ओसरल्यावर कोयनेसारखी वर्षानुवर्षं चालणारी मालिका उरली नाही. तेरणेच्या पाण्याचा हात होता की नव्हता यावर वाद झडला, पण कोयनेची साक्ष किल्लारीत तशीच्या तशी उचलून लावता येत नाही.

तीन किलोमीटरचं भोक

इतकं जमूनही एक उणीव राहिलीच. हे सगळं वरून, जमिनीवर बसून काढलेलं अनुमान होतं. भूकंप होतात दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर. तिथला ताण किती, पाणी आहे का, असलं तर कुठलं, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकात परिसरात २१ बोअर पाडून भूजलाच्या पातळ्या मोजायला सुरुवात झाली होती, पण ती अडीचशे मीटरपर्यंतच.

२०११ मध्ये हैदराबादला आंतरराष्ट्रीय बैठक झाली आणि खोल भोक पाडायचं ठरलं. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने त्यासाठी कराडला एक वेगळी प्रयोगशाळाच काढली. आधी नऊ ठिकाणी दीड किलोमीटरपर्यंत चाचपणीची भोकं घेतली. पहिलंच उत्तर भूवैज्ञानिकांसाठी महत्त्वाचं निघालं. लाव्हाचा काळा थर, म्हणजे बेसॉल्ट, कुठे चारशे मीटर, कुठे साडेबाराशे. आणि त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थरसुद्धा नाही, थेट अडीच अब्ज वर्षांहूनही जुना ग्रॅनाइटी पाया. सहा भोकांत भूकंपमापक उतरवले. वरच्या बेसॉल्टच्या गोंगाटाखाली, खडकाच्या शांततेत बसलेल्या या यंत्रांमुळे हादऱ्यांच्या जागा कितीतरी नेमक्या कळू लागल्या.

मग गोठणे गावाजवळ मुख्य चाचणी-भोक. डिसेंबर २०१६ ला सुरुवात, जून २०१७ मध्ये तीन किलोमीटर पूर्ण. सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, उरलेला पाया. भेगाळलेल्या कठीण खडकात एवढं खोल जाणं म्हणजे तेलासाठी गाळात भोक पाडण्यासारखं काम नव्हे. यंत्राचे दात झिजतात, भोकाच्या भिंती ढासळतात, रॉड अडकतो.

तिथून दोन उत्तरं वर आली. एक, इथला खडक ताणाच्या काठावर उभा आहे. जरा दाब बदलला तरी भेग सरकू शकते. म्हणजे आठ वातावरणांची नगण्य वाटणारी भर इथे नगण्य नाही. आणि दुसरं उत्तर मला सगळ्यांत जास्त थरारक वाटतं: तीन किलोमीटर खोल ग्रॅनाइटात पाणी मिळालं, आणि ते पावसाचं निघालं. खडकात जन्मापासून अडकलेलं पाणी नव्हे. आभाळातून पडून मुरत मुरत तिथवर पोचलेलं. ज्या वाटेबद्दल पन्नास वर्षं कागदावर समीकरणं मांडली जात होती, ती वाट ओली सापडली.

अजून पुरावा पुरा झालेला नाही. पाणी आहे एवढ्यावर त्या पाण्याचा दाब भूकंपाआधी कसा बदलतो ते कळत नाही. त्यासाठी भोक सरकत्या प्रस्तरभंगाच्या शेजारी न्यावं लागेल, डोणीचा वाडा नावाने ओळखल्या जाणाऱ्या भंगासारख्या. त्या दिशेने १९६७ नंतर जमिनीवर भेगांची तुटक रांग दिसली होती. तिथे दाबमापक, तापमापक, भूकंपमापक उतरवून वर्षानुवर्षं बसवून ठेवावे लागतील. तीन किलोमीटरचं भोक ही त्याचीच रंगीत तालीम, पुढचं याच्या साधारण दुप्पट खोल न्यायचा विचार आहे. भूकंप जिथे होतात त्या थरात ते पोचेल, पण तिथे उष्णता जास्त, दाब जास्त, आणि यंत्रांची तारांबळ जास्त. दरम्यान जलाशय दर पावसाळ्यात भरतो, उन्हाळ्यापर्यंत उतरतो. दाराची उंची वाढवल्यापासून साठवण १०५ टीएमसीवर गेली आहे, आणि भोकांत बसलेले भूकंपमापक त्याखालच्या खडकाकडे कान लावून आहेत.